अण्णाची चाळीस पिल्लं

जयनगरच्या बाजारात अवरेच्या शेंगांचे ढीग लागले की पिशवी घेऊन धावत सुटावंसं वाटतं, आणि त्याच वेळी महिनाभर घराबाहेर पडूच नये असंही वाटतं. इतकी वर्षं झाली, या दोन वाटण्यांचा निकाल काही लागलेला नाही. शेवटी जाते मीच. शेंग नाकाशी धरून बघते. तिला तो तेलकट, उग्र वास असला तर अवरे खरी. त्या वासाला इथे कानडी मुलखात सोगडू म्हणतात. पुण्याहून आलेली माझी सून म्हणते, आई, हा तर आपला पावटाच. असेल बापडा. पण पावट्याचा वास बोटांना दोन दोन दिवस राहत नाही, आणि पावटा आला म्हणून मला कधी घरात दडून बसावंसं वाटलं नाही.

यंदा अवरे आली त्याच आठवड्यात नातवाच्या समुद्राला रोग लागला. निखिल, माझा नातू, इथे एचएसआर लेआउटमध्येच कुठल्याशा कंपनीत आहे, आणि दिवाणखान्यात त्याने काचेच्या टाकीत समुद्र मांडला आहे. मीठ पाकिटातलं, लाटा यंत्राच्या, दगड मात्र खरे. त्यातल्या एका दगडावर हिरव्या फुलांसारखे जीव होते, नखाएवढे, पाण्याबरोबर डोलणारे. नवे होते तेव्हा त्याने मला हात धरून दाखवायला नेलं होतं. वर्षभरात त्यांनी सगळे दगड गिळले. त्याची हौसेने आणलेली प्रवाळं त्यांच्याखाली गुदमरून पांढरी पडली. रविवारी सकाळी बघते तर हा एक दगड परातीत काढून, दातांचा ब्रश आणि ब्लेड घेऊन खरवडत बसलेला.

"कापू नकोस," मी म्हटलं. "एकाची दोन होतात."

तो हसला आणि म्हणाला, आजी, तुला गं काय माहीत यातलं. मी अवरे भिजत घालायला स्वयंपाकघरात निघून गेले. सांगायचं तर अण्णापासून सांगावं लागलं असतं, आणि अण्णाचं मी आजवर कुणालाच धड सांगितलेलं नाही.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं घराणं इथलं जुनं. कुठल्याशा फौजेबरोबर आलेले पूर्वज इथेच राहिले, आणि आमच्या मराठीत अक्का, थोडं या अर्थी स्वल्प, बरं या अर्थी सरी असे शब्द इतके मिसळले की ते कानडी आहेत हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पन्नासचं दशक संपत आलं होतं. जयनगर तेव्हा नवं, आमच्या घरापुढे चार प्लॉट रिकामे आणि त्यापुढे नाचणीचं शेत. अण्णा एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांच्या रेघा मारायच्या आणि संध्याकाळी स्वतःचं काहीतरी करायचं, असा त्याचा खाक्या. लोखंडी अँगलची चौकट जोडून, काचा पुटीने बसवून त्याने पडवीत माशांची टाकी उभी केली होती. आठवडाभर ती गळत होती आणि आई आठवडाभर फरशी पुसत होती. मग एकदा मद्रासहून पाण्याच्या डब्यातून तो एंजल माशांची जोडी घेऊन आला. रुपेरी अंग, त्यावर उभे काळे पट्टे, आणि पोहणं असं सावकाश की घाई कशी ती ठाऊकच नसावी. आई त्यांना पाखरं म्हणायची.

दर रविवारी उजाडता उजाडता अण्णा सायकलवरून आगराच्या बाजूच्या केऱ्यावर जायचा. केरे म्हणजे तळं. मी आज राहते त्याच बाजूला ते होतं. तेव्हा इथे शेतं आणि पाणी याखेरीज काही नव्हतं. गुडघाभर पाण्यात उभं राहून तो आईच्या जुन्या पातळाच्या जाळीने पाण्यातल्या पिसवा गाळायचा. मोहरीच्या कणाएवढे, टुणटुण उड्या मारणारे जीव. माशांचा तो खाऊ. डबा घेऊन घरी यायचा तेव्हा त्याच्या पायांना शेवाळाचा वास असायचा आणि ओठ निळे पडलेले असायचे. पुढे आईने सगळा दोष त्या केऱ्याला दिला. डॉक्टर नाही म्हणाले, तरी तिने दिलाच.

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे पाणी भरण्याचा सण असतो. न्हाणीघरात चुलीवर कायमचं बसवलेलं तांब्याचं मोठं हंडं आई चिंचेने घासून घासून लखलखीत करायची, त्याला हळदकुंकू लावायची, गळ्यात झेंडूची माळ घालायची आणि मग कळशीने भरायची. त्या वर्षी तिचं हे चाललेलं असताना पडवीतून अण्णाची हाक आली. एंजलच्या मादीने रुंद पानावर अंडी घातली होती, साबुदाण्याहून बारीक, ओळीने. बरीच पांढरी पडून वाया गेली. पण राहिली त्यांची आठवड्यात पिल्लं झाली आणि आईबापांच्या मागे ढगासारखी फिरू लागली. आम्ही सगळ्यांनी मोजली. अप्पा, म्हणजे वडील, त्यांची एकतीस भरली, माझी पंचेचाळीस. अण्णाने जाहीर केलं, चाळीस. मग ती चाळीसच.

त्याच आठवड्यात खोकताना त्याच्या रुमालात रक्त आलं. छातीचा फोटो काढला. गावाबाहेरच्या क्षयाच्या रुग्णालयात खाट मिळाली. जायच्या आधीच्या रविवारी, आई नको नको म्हणत असताना, तो केऱ्यावर जाऊन आला आणि पिसवांचा भरलेला डबा पिल्लांसाठी टाकीत रिता केला. जाताना मला म्हणाला, "ही रुपयाएवढी होतील ना, तोवर मी परत येतो. बघ तू." मी बघते म्हटलं. अठरा वर्षांची होते, इंटरला सायन्स घेतलं होतं, आणि बघण्याने गोष्टी होतात असं मला वाटत होतं.

पंधरवड्याने काचेवर पांढुरके दोरे दिसले. अर्ध्या बोटापेरापेक्षाही लहान, टोकाला सहा-सात केसासारखे हात. बोट नेलं की आखडून ठिपका व्हायचे. मला वाटलं, पातळाच्या जाळीचे धागे असतील. नंतर एक पिल्लू त्यातल्या एका दोऱ्यापाशी थांबलेलं दिसलं. थांबलं नव्हतं, धरलं होतं. तीन हात त्याला वेढून आत ओढत होते आणि त्याचा काळा डोळा अजून तसाच होता. मी काचेवर थापट्या मारल्या, तोंडाने शुक् शुक् केलं, मांजर हाकलावं तसं.

यातली लाज अशी की त्याच्या महिनाभर आधी मी हाच प्राणी प्रात्यक्षिकाच्या वहीत काढला होता. हायड्रा. कठीण पेन्सिलीने, बाजूला रेघा मारून, प्रत्येक भागाचं नाव लिहून. बाईंनी त्यावर 'सुबक' असा शेरा मारला होता. त्याचे तुकडे केले तर प्रत्येक तुकड्यातून नवा प्राणी होतो, हे उत्तर मी परीक्षेत लिहिलं होतं. आणि घरी येऊन, अप्पांचं दाढीचं ब्लेड घेऊन मी दोन दुपारी ते दोरे काचेवरून कापून काढले. वहीतला हायड्रा वहीत, घरातला घरात; दोघांची गाठ माझ्या डोक्यात पडलीच नाही. आठ दिवसांनी काच दिसेनाशी झाली. अण्णाने शेवटच्या डब्यातून जेवढ्या पिसवा आणल्या होत्या त्या खाऊन ते वाढत होते आणि त्याच डब्यातून ते आले होते. हे कळलं तेव्हा मला त्यांचा नीट रागसुद्धा धरता येईना.

रविवारी आम्ही रुग्णालयात जायचो. बस, मग निलगिरीच्या झाडांतून चालत. लांबलचक ओसरी, ओळीने खाटा, आणि थंडीतही सगळ्या खिडक्या सताड उघड्या, कारण मोकळी हवा हेच निम्मं औषध. अप्पा आत येत नसत. बाहेर झाडाखाली पेपर वाचत बसायचे, एकच पान. अण्णाचा पहिला प्रश्न ठरलेला.

"किती?"

पहिल्या खेपेला मी खरं सांगितलं. तेहतीस. तो भिंतीकडे तोंड करून पडला. पुढच्या रविवारी नर्स म्हणाली की आठवडाभर ताप उतरला नाही आणि जेवणही धड गेलं नाही. ताप काही माशांमुळे येत नाही हे मला कळत होतं. तरीही त्याने "किती" विचारल्यावर मी म्हटलं, "चाळीस. मागे माझीच मोजायला चूक झाली होती." तो उठून बसला. त्या दिवशी त्याने आईने नेलेलं अवरेचं उप्पीट संपवलं. टाकीत तेव्हा एकोणीस होती.

अवरेचे ते दिवस असे गेले. दुपारी आई आणि मी मागच्या दारी भिजवलेले दाणे घेऊन बसायचो. चिमटीत धरून दाबलं की साल हातात राहतं आणि डाळ टुपकन परातीत उडते. एरवी या कामात आई गाणी म्हणायची. आता परातीत दाणे पडल्याचा तेवढा आवाज व्हायचा, आणि मी मध्येच उठून पडवीत जाऊन मोजून यायचे. सतरा. चौदा. अकरा. परत येऊन बसले की आई माझ्याकडे बघायची आणि विचारायची नाही.

शेवटी मी कॉलेजातल्या बाईंना विचारलं. त्यांनी आधी माझ्याकडे बघून घेतलं, कारण उत्तर माझ्याच वहीत होतं. मग म्हणाल्या, तांबं लटकव, एकच दिवस. मग काढ आणि पाणी बदल. तांब्याने ते मरतात, पण जास्त झालं तर मासेही मरतात, इथलं पाणी मऊ आहे, झाडंही जळतात. मी टाकीतल्या झाडाची एक डहाळी आधीच काढून अंगणातल्या दगडी दोणीत ठेवली. देवघरातली तांब्याची पळी दोऱ्याने बांधून टाकीत सोडली. दुसऱ्या दिवशी दोरे आखडून ठिपके झाले होते, काही तळाशी गळून पडले होते. मी पळी काढली, निम्मं पाणी बदललं. अकराच्या अकरा पिल्लं पोहत होती, पट्टे उमटायला लागलेली. त्या सबंध हंगामातला तो एक दिवस चांगला गेला. आईने विचारलं, पळीने काय गं झालं? मला कॉलेजला उशीर होत होता. चपला घालता घालता मी म्हटलं, "तांब्यानं मरतात ते."

उरलेलं अर्धं वाक्य मी सांगितलं नाही. विसरले असं नाही. आईला पाण्याचं प्रमाण काय कळणार, असं वाटलं मला. चौथी शिकलेली बाई. हे मी आज लिहिते आहे, पण त्या वेळी माझ्या मनात नेमकं हेच होतं.

पुष्यातली, म्हणजे पौषातली, थंडी पडली. टाकी ऊबदार ठेवायला अण्णाने काचेच्या नळीत घालून सोडलेला दिवा गेला, आणि त्या मापाची दुसरी नळी अप्पांना कुठे मिळेना. आईने दोन गोष्टी जोडल्या. पिल्लांना थंडी वाजतेय, आणि तांब्याने ते दुष्ट मरतात. रोज सकाळी सगळ्यांच्या अंघोळी झाल्या की हंड्यातलं, रात्रभर तांब्यात राहिलेलं, कोमट पाणी ती तांब्या तांब्याने टाकीत घालू लागली. हंडं तिने संक्रांतीसाठी नुकतंच चिंचेने घासलेलं होतं. बाळंतिणीच्या बाळाला घालावं तसं हाताने धार धरून घालत असणार. मला दाखवायला तिने ते केलं नाही. मी कॉलेजला गेल्यावर करायची.

तिसऱ्या सकाळी मी पडवीत आले तेव्हा ती टाकीपाशी उभी होती, हातात भरलेला तांब्या. मोठी जोडी तळाशी आडवी पडली होती. पिल्लं पाण्यावर आली होती, पानांच्या तुकड्यांसारखी. काचेवर एकही दोरा नव्हता. काच इतकी स्वच्छ कधीच नव्हती.

"तांब्यानं कधी कुणाचं वाईट झालंय का गं?" आई म्हणाली. ती वाद घालत नव्हती, विचारत होती. जन्मापासून ज्या पाण्याने देव धुतले, ज्या पाण्याचा घोट पहाटे पोरांना दिला, त्याबद्दल विचारत होती.

मी म्हटलं, "नाही गं." अर्धं वाक्य तेव्हा तरी सांगायला हवं होतं, म्हणजे निदान दोष माझा माझ्याकडे आला असता. तेही मी केलं नाही. आम्ही दोघींनी मिळून सगळी कढीलिंबाच्या बुंध्याशी पुरली. त्यानंतर आई देवाला पळीने पाणी घालेनाशी झाली. चांदीच्या वाटीने घालायची. का ते कुणी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी खाटेजवळ जाईपर्यंत मी ठरवत होते, सांगायचं. अण्णाचे गाल बसले होते, डोळे मोठे झाले होते.

"किती?"

"चाळीस," मी म्हटलं.

आणि माझ्या शेजारून आईचा आवाज आला. "एकाचे पट्टे आता चांगले काळे झालेत रे. हावरा आहे, खायला सगळ्यांच्या आधी येतो. तुझ्यासारखाच."

शेजारणीने पीठ मागितलं आणि घरात नसलं तर डबा उघडून दाखवणारी माझी आई. तिच्याकडे बघायची मला छाती झाली नाही. अण्णा हसत होता. त्या दिवसापासून आम्ही दोघी त्या गोष्टीत बरोबरीच्या झालो. दर रविवारी ती एखादी बारीकशी नवी गोष्ट घेऊन यायची. एकाची शेपटी जरा वाकडी आहे. दोघं भांडतात, मी काचेवर टिचकी मारते. ती हे आठवडाभर जमवत असावी.

अण्णाला मग टाकीतल्या गर्दीची काळजी पडली. एवढी चाळीस मोठी होऊन राहणार कशी? म्हणून त्याने ती वाटायला काढली. चौथ्या खाटेवरच्या मास्तरांना एक जोडी. नवव्या खाटेवर पेटेतला, म्हणजे जुन्या बाजारपेठेतला, एक मराठी शिंपी होता, त्याला एक. नर्सला एक. झाडूवाल्याला एक. ज्यांनी आयुष्यात मासा ताटाबाहेर कधी पाहिला नव्हता, किंवा ताटातही पाहिला नव्हता, असे लोक आपापल्या खाटेवरून मला विचारू लागले, पाणी रोज बदलायचं का, अक्का? उन्हात ठेवलं तर चालेल का? मी सगळ्यांना नीट उत्तरं द्यायचे. नळाचं पाणी एक दिवस शिळं करून घाला, म्हणायचे.

शेवटच्या रविवारी त्याने विचारलंच नाही. आईने आपणहून वाकड्या शेपटीचं काहीतरी सांगितलं, त्याने मान हलवली. युगादीला, म्हणजे पाडव्याला, पाच दिवस असताना तो गेला. पिल्लं असती तर तोवर रुपयाएवढी झाली असती.

त्याने विचारलं का नाही, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. दमला असेल, बोलवत नसेल. किंवा पहिल्या 'चाळीस'लाच त्याने ओळखलं असेल. पिसवांच्या त्या शेवटच्या डब्यात काय असू शकतं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. मग ते वाटप त्याने कुणासाठी केलं? माझं मत दर अवरेला बदलतं. सुख कुठल्याच मतात नाही.

रिकामी टाकी आईला पाहवेना, आणि ती मोडूही देईना. म्हणून पाणी भरून दोणीतली ती डहाळी मी तिच्यात लावली. ती फोफावली. आणि पावसाळा सरता सरता काचेवर पहिला पांढुरका दोरा दिसला, मग चार, मग मोजणं सोडलं. डहाळीला चिकटून तेवढे वाचले होते. या खेपेला मी काही केलं नाही. खायला कुणी नव्हतंच आत, त्यांना काय करायचंय ते करोत.

पुन्हा अवरे आली. एका दुपारी फाटकाशी माणूस उभा. अंगात नवा कोरा सदरा, स्वतः शिवलेला असावा, आणि हातात लोणच्याची काचेची बरणी, धुऊन पुसून लख्ख केलेली. नवव्या खाटेवरचा शिंपी, हे मी आवाजावरून ओळखलं, इतका तो भरला होता.

"मला सोडलं, अक्का," तो म्हणाला. "मास्तर गेले उन्हाळ्यात. अण्णांनी मला दोन सांगितली होती की. येऊ का नको असं लई झालं. मग म्हटलं, त्यांची आठवण म्हणून न्यावी."

आत आई अवरे सोलत होती. दाणे परातीत पडायचा आवाज थांबला.

मी बरणी घेतली. सांगणार होते, देवाशपथ सांगणार होते. पण टाकीपाशी गेले आणि बरणी पाण्यात बुडवली. रिकामी बरणी परत कशी द्यायची? मी झाडाची एक डहाळी खुडून तिच्यात सोडली. त्याने बरणी दोन्ही हातांनी घेऊन उन्हाकडे धरली आणि डोळे बारीक करून पाहत राहिला, सुईत दोरा ओवताना पाहतात तसा.

"हे पानाला लागलंय ते हलतंय की, अक्का. हीच ना पिल्लं?"

"हो," मी म्हटलं.

"स्वल्प बारीक आहेत."

"वाढतील."

त्याने खांद्यावरच्या उपरण्याचं टोक बरणीच्या तोंडावर बांधलं, वारा लागू नये म्हणून. सरी, येतो, म्हणाला, आणि बरणी छातीशी धरून रिकाम्या प्लॉटांमधून बसच्या रस्त्याकडे गेला. तो दिसेनासा होईपर्यंत मी फाटकाशी उभी होते. घरात आले तेव्हा आई परातीवर वाकलेली होती. तिने मान वर केली नाही.

"किती दिलीस?" तिने विचारलं.

"दोन," मी म्हटलं, आणि तिच्यासमोर बसून अवरे सोलायला घेतली.